वर आणि खाली: आधार, मोजपट्टी, अंमल

(एका इंग्रजी शिक्षकाच्या स्मृतिप्रीत्यर्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात आयुष्य वेचलं. नियम सांगायचा तर कारणासकट सांगायचा, हा त्यांचा शिरस्ता होता. म्हणून त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून बोलताना मी इंग्रजीतल्या अगदी लहान शब्दांचा विषय घेतला आहे. ऑन, ओव्हर, अबव्ह हे वरचे शब्द. अंडर, बिलो, बिनीथ, अंडरनीथ हे खालचे. शाळेत ते पहिल्या काही महिन्यांतच भेटतात. पुढे पदवी मिळते, नोकरीत माणूस मुरतो, इंग्रजीतून पत्रव्यवहार करू लागतो. तरी यांतला कोणता शब्द कुठे घालायचा, ही धाकधूक मनातून जात नाही.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये पूर्वी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई; २००० सालापासून ते पहिलीपासून शिकवलं जाऊ लागलं. शिकण्याची वर्षं वाढली, पण या शब्दांपुरती अडचण होती तिथेच राहिली. तिचं कारण शिकवण्याच्या रीतीत आहे. आपण मुलांना अर्थांची यादी देतो. ऑन म्हणजे वर, ओव्हर म्हणजे वर, अबव्ह म्हणजेही वर. तीन शब्दांसमोर एकच अर्थ लिहिला की मुलाला दोनच वाटा उरतात: अंदाजाने कुठलाही शब्द घालायचा, नाहीतर प्रत्येक वाक्य पाठ करायचं. दोन्ही वाटांनी भाषा येत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. हे शब्द निवडताना इंग्रजी उंची विचारतच नाही. ती तीन वेगळे प्रश्न विचारते. एखादी वस्तू कशाच्या आधाराने आहे? एखाद्या मोजपट्टीवर ती कुठे आहे? आणि कोणाचा अंमल कोणावर चालतो? आधाराला ऑन, मोजपट्टीला अबव्ह आणि बिलो, अंमलाला ओव्हर आणि अंडर. हे तिन्ही प्रश्न मराठीलाही ठाऊक आहेत. मराठी त्यांची उत्तरं वेगळ्या जागी ठेवते, एवढंच.

आधार

ऑनपासून सुरुवात करू. टेबलावर पुस्तक, जमिनीवर चटई, डोक्यावर टोपी, इथपर्यंत इंग्रजी आणि मराठी हातात हात घालून चालतात. मग वाट फुटते. छतावरच्या पालीला इंग्रजी ‘ऑन द सीलिंग’ म्हणते. पाल तर छताच्या खालच्या बाजूला आहे! मग हा ‘वर’ कुठला? तो वर नाहीच. पाल छताला चिकटून आहे, छताने तिला धरलं आहे, हे ऑन सांगतं. मराठीत आपण ‘पाल छताला आहे’ असंही म्हणतो, तेव्हा हीच गोष्ट ‘ला’ने सांगतो.

झाडाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. फळाला इंग्रजीत ‘ऑन द ट्री’ म्हणतात, पण फांदीवर बसलेल्या पक्ष्याला बहुतेक वेळा ‘इन द ट्री’. मराठीत आंबा झाडाला असतो आणि पोपट झाडावर बसतो. दोन्ही भाषा फळ आणि पक्षी यांत फरक करतात. फळ झाडाचंच आहे, देठाने जोडलेलं आहे. पक्षी पानांच्या पसाऱ्यात येऊन बसला आहे. निरीक्षण एकच आहे. शब्द मात्र प्रत्येक भाषेने आपापल्या सोयीने वाटून घेतले.

शरीरावर घालायच्या वस्तूंचंही तसंच. अंगठी इंग्रजीत बोटाला ऑन असते आणि चप्पल पायाला ऑन. मराठीत अंगठी बोटात, चप्पल पायात, सदरा अंगात. मराठीने ‘कोण कोणाच्या आत शिरलं’ याकडे पाहिलं, इंग्रजीने ‘कोण कोणाच्या आधाराने राहिलं’ याकडे. इंग्रजीची सख्खी बहीण असलेल्या डच भाषेत तर ऑनचे तीन तुकडे होतात. टेबलावरच्या पेल्याला एक शब्द, भिंतीवरच्या चित्राला दुसरा, बोटातल्या अंगठीला तिसरा. मेलिसा बाउअरमन या भाषावैज्ञानिक विदुषीने मुलं अशी नाती कशी शिकतात याचा अनेक भाषांमध्ये अभ्यास केला. त्यातून दिसलं की अगदी लहान मुलंसुद्धा आपल्या भाषेच्या पद्धतीनेच या जागा वाटू लागतात. म्हणजे ‘वर’ ही कल्पना सगळ्या माणसांची एकच आणि शब्द तेवढे वेगळे, असं घडत नाही. म्हणूनच अर्थाची यादी अपुरी पडते.

मोजपट्टी

आता अबव्ह आणि बिलो. या जोडीला एक पातळी लागते, एक रेषा लागते. ती रेषा समुद्रसपाटीची असेल, शून्य अंशाची असेल, सरासरीची असेल किंवा दारिद्र्याची. वस्तू त्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे, एवढंच ही जोडी सांगते. ती वस्तू रेषेच्या बरोबर डोक्यावर आहे का, तिला शिवते का, तिच्यावर काही परिणाम करते का, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर ‘अबव्ह सी लेव्हल’ आहे. शिखराच्या खाली समुद्र कुठेच नाही. समुद्र दूर कोकणाच्या किनाऱ्याला आहे. तरी अबव्ह चालतं, कारण मनातली सपाटी तिथपर्यंत ओढून आणली आहे. उलट केरळात कुट्टनाडच्या भागात भाताची शेती समुद्रसपाटीच्या खाली होते. ती जमीन ‘बिलो सी लेव्हल’ आहे, पण ‘अंडर द सी’ नाही. इंग्लंड आणि फ्रान्स यांना जोडणारा, १९९४ साली सुरू झालेला रेल्वे बोगदा मात्र ‘अंडर द सी’ आहे. त्याच्या सुमारे ५० किलोमीटर लांबीपैकी ३८ किलोमीटरच्या डोक्यावर खरोखर समुद्र आहे. मुंबईची भुयारी मेट्रो मिठी नदीखालून जाते, तिथेही अंडरच. कुट्टनाडचा शेतकरी आणि त्या बोगद्यातला प्रवासी दोघेही समुद्रसपाटीच्या खाली आहेत, पण समुद्राचं पाणी एकाच्याच डोक्यावर आहे. बिलो आणि अंडर यांतला फरक यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही.

हाच फरक वरच्या बाजूने पाहा. नागपूरवरून उडणारं प्रवासी विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असतं. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर. म्हणजे ते विमान एव्हरेस्टच्या उंचीपेक्षा ‘अबव्ह’ आहे, आणि त्याच वेळी ते ‘ओव्हर नागपूर’ आहे. एव्हरेस्टच्या ‘ओव्हर’ जायचं तर हिमालयातच जावं लागतं. ३ एप्रिल १९३३ रोजी बिहारमधल्या पूर्णियाहून उडालेली दोन ब्रिटिश विमानं पहिल्यांदा एव्हरेस्टच्या माथ्यावरून गेली. त्या पराक्रमाला ‘ओव्हर एव्हरेस्ट’ म्हणतात, कारण तिथे शिखर खाली होतं आणि विमानं त्याला ओलांडत होती.

नदीच्या काठी राहणाऱ्यांना बिलोचा आणखी एक उपयोग माहीत असतो. इंग्रजीत ‘बिलो द ब्रिज’ म्हणजे पुलाच्या खालच्या अंगाला, प्रवाह जिकडे जातो तिकडे. ‘अंडर द ब्रिज’ म्हणजे थेट पुलाखाली, जिथे पावसात आडोसा मिळतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि पाठोपाठ खडकवासला. पुण्यात हाहाकार झाला, कारण पुणे त्या धरणांच्या ‘बिलो’ होतं. पुणे धरणांच्या ‘अंडर’ कधीच नव्हतं. मराठीत आपण ‘धरणाच्या खालच्या अंगाला’ असं म्हणतो. त्यातला ‘अंगाला’ हा शब्द बिलोचं सगळं काम करतो.

शिधापत्रिकेमुळे ‘बिलो पॉव्हर्टी लाइन’ हे शब्द महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पोचले. पिवळं कार्ड कोणाला आणि केशरी कोणाला, हे त्या रेषेवर ठरतं. इथे अंडर का नाही? कारण ही रेषा कोणावर राज्य करत नाही, कोणाला झाकत नाही. ती उत्पन्नाच्या मोजपट्टीवर आखलेली एक खूण आहे. बिलो हा शब्द फक्त मोजतो. त्या रेषेखालच्या माणसाला काय सोसावं लागतं, ते तो सांगत नाही.

अंमल

ओव्हर आणि अंडर या जोडीत गोष्ट बदलते. इथे दोन वस्तूंचं एकमेकींशी काहीतरी चालू असतं. एक दुसरीला झाकते, ओलांडते, राखते, किंवा तिच्यावर हुकूम चालवते.

झोपलेल्या मुलावर पांघरूण ‘ओव्हर’ घालतात. अबव्ह म्हटलं तर पांघरूण हवेत तरंगतं आहे असं चित्र उभं राहील. कुंपणावरून उडी ‘ओव्हर द फेन्स’. नदीवर पूल ‘ओव्हर द रिव्हर’, कारण पूल दोन काठ जोडतो. नदीच्या वर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर मात्र ‘अबव्ह द रिव्हर’ही असू शकतं. जेवणाच्या टेबलावर टांगलेला दिवा ओव्हरही असतो आणि अबव्हही. पण त्याचा उजेड ताटात पडतो हे सांगायचं असेल तर इंग्रजी कान ओव्हर पसंत करतो.

ओलांडण्यातून पलीकडे पोचण्याचा अर्थ आला, आणि पलीकडे पोचण्यातून संपण्याचा. टेकडीपलीकडच्या घराला ‘ओव्हर द हिल’ म्हणतात. तिथे उंचीचा मागमूसही राहत नाही. ‘द मॅच इज ओव्हर’ म्हणजे सामना संपला. क्रिकेटमधलं षटकही त्यातलंच. पंच ‘ओव्हर’ असं पुकारतो तेव्हा या टोकाकडची गोलंदाजी संपली, आता दुसऱ्या टोकाकडून, असं तो सांगत असतो. मराठी क्रीडारसिकांच्या तोंडात हा शब्द इतका रुळला आहे की त्यात एक आख्खा अर्थप्रवास दडलेला आहे हे आपल्या ध्यानात येत नाही.

या एका शब्दाने भाषाशास्त्रात मोठी चर्चा घडवली. १९८१ साली क्लॉडिया ब्रुगमन या बर्कलेच्या विद्यार्थिनीने फक्त ओव्हर या शब्दावर प्रबंध लिहिला. तिच्या कामाच्या आधारे जॉर्ज लेकॉफ यांनी १९८७ मध्ये आपल्या गाजलेल्या ग्रंथात ओव्हरचे अर्थ एकातून एक कसे फुटतात याचं जाळं मांडलं. पुढे आंद्रेया टायलर आणि व्हिव्हियन इव्हान्स यांनी ते जाळं पुन्हा तपासलं. अर्थांची संख्या अकारण वाढवू नये, बरेचसे अर्थ संदर्भातूनच निघतात, असा त्यांचा आग्रह होता. वाद आहेतच. पण ओव्हर हा एकाच मुळातून वाढलेला वृक्ष आहे, असंबद्ध अर्थांची पोतडी नव्हे, यावर या सगळ्यांचं एकमत आहे. शिक्षकाच्या दृष्टीने हेच महत्त्वाचं. जे एका मुळातून वाढलं ते समजावून सांगता येतं; जे असंबद्ध आहे ते पाठच करावं लागतं.

अंमलाची ही कल्पना केवळ व्याकरणकारांच्या मनातली नाही. ती प्रयोगाने तपासली गेली आहे. केनी कॉव्हेंट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना छत्री धरलेल्या माणसाची चित्रं दाखवली. काही चित्रांत छत्री सरळ, काहींत कललेली. काहींत ती पाऊस अडवते, काहींत पाऊस माणसाला भिजवतो. ‘छत्री माणसाच्या ओव्हर आहे’ आणि ‘छत्री माणसाच्या अबव्ह आहे’ ही वाक्यं चित्राला कितपत शोभतात, असं लोकांना विचारलं. ओव्हर आणि अंडरची उत्तरं मुख्यतः छत्री पाऊस अडवते की नाही यावर हलत होती. अबव्ह आणि बिलोची उत्तरं छत्री कितपत सरळ वर आहे यावर. दात घासायचा ब्रश आणि पेस्टची नळी घेऊन केलेल्या दुसऱ्या एका प्रयोगातही असंच दिसलं. नळी ब्रशच्या वर ठेवायला सांगितली की माणसं ती ब्रशच्या मधोमध न ठेवता केसांच्या बाजूला सरकवतात, कारण पेस्ट तिथे पडायची असते. मनातला ‘वर’ हा नुसता भूमितीचा ‘वर’ नसतो. वस्तू कशासाठी आहे, हेही त्यात मिसळलेलं असतं.

बिनीथ आणि अंडरनीथ यांबद्दल थोडक्यात सांगतो. अंडरनीथमध्ये झाकलं जाण्यावर भर असतो: पुस्तकाखाली सापडलेली किल्ली, सदऱ्याच्या आतला गंजीफ्रॉक. हा शब्द वस्तूंपाशीच राहतो. कायदा, वय, दबाव यांना तो सहसा लागत नाही. बिनीथ जरा भारदस्त आहे, लेखी इंग्रजीत अधिक दिसतो. त्याचा एक खास उपयोग आहे, प्रतिष्ठेचा. एखादी गोष्ट करणं ‘बिनीथ हिम’ म्हणजे त्याला कमीपणा आणणारं. इथे मोजपट्टी आहे, पण ती मानाची.

आकडे आणि माणसं

आकड्यांपाशी गोंधळ जास्त होतो. तापमान ४० अंशांच्या ‘अबव्ह’ जातं, कारण तापमापकावर खुणा आहेत आणि पारा त्यांवर चढतो. पण वय अठराच्या ‘ओव्हर’, आणि क्रिकेटचा संघ ‘अंडर नाइन्टीन’. पन्नासहून अधिक माणसांना ‘ओव्हर फिफ्टी पीपल’. इथे नियम असा सांगता येईल: उभ्या मोजपट्टीवर वाचली जाणारी पातळी असेल तर अबव्ह-बिलो, मोजत मोजत एक आकडा ओलांडला जात असेल, मग ती माणसं असोत, वर्षं असोत की रुपये, तर ओव्हर-अंडर. वय हे ओलांडायचं असतं. अठरा पूर्ण केली की माणूस पलीकडे जातो आणि मतदार होतो.

अमेरिकी वृत्तपत्रांमध्ये आकड्यांसाठी ओव्हर वापरू नये असा दंडक बराच काळ चालला. एकोणिसाव्या शतकात कवी आणि संपादक विल्यम कलन ब्रायंट यांनी आपल्या वर्तमानपत्रासाठी केलेल्या निषिद्ध शब्दांच्या यादीत तो होता. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०१४ मध्ये ही मनाई उठवली. लोक शेकडो वर्षं जे बोलत आले ते अखेर नियमात आलं. म्हणून मुलाने ‘ओव्हर अ हंड्रेड’ लिहिलं तर त्याच्या वहीत तांबडी रेघ मारू नये, असं मी शिक्षकांना आग्रहाने सांगेन.

उंचीशी संबंध नसलेल्या ‘वर’-‘खाली’चं आणखी एक उदाहरण म्हणजे अप आणि डाउन. मुंबईच्या लोकलमध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे किंवा चर्चगेटकडे जाणारी गाडी अप, आणि तिथून निघणारी डाउन. रूळ सपाटच असतात. ही रीत ब्रिटिश रेल्वेतून आली. तिथे लंडनकडे जाणारी गाडी अप असते. जे ठिकाण महत्त्वाचं ते वर, ही माणसाची जुनी समजूत त्यात आहे.

कायदा आणि सत्ता

या शब्दांचं सगळ्यात गंभीर काम कायद्याच्या भाषेत दिसतं. आपल्या संविधानाचा इंग्रजी मजकूर समोर धरा. पानावर ३२ व्या अनुच्छेदाच्या खाली ३३ वा अनुच्छेद छापलेला आहे. तो ३२च्या ‘बिलो’ आहे. पण मूलभूत हक्कांसाठी नागरिक सर्वोच्च न्यायालयात जी याचिका करतो ती ३२ व्या अनुच्छेदाच्या ‘अंडर’ असते. तो अनुच्छेद तिला बळ देतो, तिच्यावर त्याचं छत्र असतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत ज्या तरतुदीला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं ती हीच. मराठीत आपण ‘अनुच्छेद ३२ अन्वये’ म्हणतो, पोलिसांच्या कागदात ‘कलमाखाली गुन्हा’ही लिहितो.

आता ‘अबव्ह द लॉ’ पाहा. ‘कोणीही अबव्ह द लॉ नाही’ याचा अर्थ असा की कायदा ही एक पातळी आहे आणि तिच्या पलीकडे, तिचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, कोणालाही जागा नाही. ‘ओव्हर द लॉ’ असं म्हणत नाहीत. राजा प्रजेच्या ओव्हर राज्य करतो. पण तो कायद्याच्या अबव्ह असू शकत नाही. सत्तेचा सगळा प्रश्न या दोन शब्दांच्या मध्ये उभा आहे.

१६०७ साली इंग्लंडचे न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी राजा पहिला जेम्स याला हेच सांगितलं, असं त्यांच्याच वृत्तान्तात नोंदलेलं आहे. खटले आपण स्वतः निवाड्याला घेऊ शकतो, असा राजाचा दावा होता. कोक यांनी तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन या कायदेपंडिताचं लॅटिन वचन पुढे केलं: राजा कोणा माणसाच्या अंमलाखाली नाही, पण देवाच्या आणि कायद्याच्या अंमलाखाली आहे. लॅटिनमध्ये तिथे ‘सुब’ हा शब्द आहे, आणि इंग्रजीत त्याचं भाषांतर अंडर असंच होतं, बिलो असं होऊ शकत नाही. राजा कायद्यापेक्षा ठेंगणा आहे, असं कोक म्हणत नव्हते. कायद्याचा त्याच्यावर अंमल चालतो, असं म्हणत होते.

एकाच घराण्यातले शब्द

यांतले बरेच शब्द आपल्याला परके नाहीत. ओव्हर, लॅटिन सुपर, ग्रीक हुपेर आणि संस्कृत उपरि हे एकाच मूळ भाषेतून आलेले भाऊ आहेत. संस्कृत उपरिचं प्राकृतात उवरि झालं आणि मराठीत वर. म्हणजे मुलगा वहीत ‘ओव्हर म्हणजे वर’ असं लिहितो तेव्हा तो दूर गेलेल्या दोन भावांना शेजारी बसवत असतो. अंडर हा संस्कृत अधर, म्हणजे खालचा, याचा नातलग. अप आणि संस्कृत उप एका मुळाचे, आणि लॅटिन सुबही त्याच मुळाचा. ‘सब-एडिटर’ला आपण उपसंपादक म्हणतो, ‘सब-कमिटी’ला उपसमिती, तिथे नकळत त्याच मुळाला हात घातलेला असतो. एकाच मुळातून इंग्रजीत वरचा अर्थ आणि लॅटिनमध्ये खालचा अर्थ कसा निघाला? मूळ कल्पना खालून वर जाण्याची होती. एकाने शेवट धरला, दुसऱ्याने सुरुवात.

बिलो त्या मानाने नवा. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात नीट रुळला. त्यातला ‘लो’ उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या भाषेतून आलेला. अबव्ह जुना असला तरी तोही जोडशब्दच आहे. ओव्हर-अंडर ही आदिम जोडी, आणि मोजपट्टीची जोडी इंग्रजीने आपल्या अंगणात घडवलेली.

पाणिनीने हा प्रदेश फार बारकाईने पाहिला होता. अधि हा शब्द स्वामित्वाच्या अर्थाने वापरला जातो, याची त्याने स्वतंत्र नोंद केली आहे. अधिपती, अधिकारी, अधीक्षक हे शब्द आजही तो अंमलाचा ‘वर’ वाहतात. अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात तो आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगतो: उपरि, अधि आणि अधस् हे शब्द जवळीक दाखवायची असेल तर दोनदा उच्चारले जातात. मराठीत आपण खालोखाल म्हणतो, म्हणजे लगेच खालचा, मध्ये कोणी नाही असा. दोनदा उच्चारून जवळीक दाखवण्याची तीच जुनी युक्ती मराठीच्या तोंडात अजून आहे. ‘वर’ आणि ‘खाली’ यांच्या पोटात किती नाती आहेत, याची जाण आपल्या परंपरेला होती.

‘च्या’ची चाचणी

आता वर्गासाठी. मराठीत शब्दयोगी अव्यय दोन रीतींनी लागतं. एक, नामाच्या सामान्यरूपाला थेट चिकटून: टेबलावर. दोन, मध्ये ‘च्या’ घेऊन: टेबलाच्या वर. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हापासून शब्दयोगी अव्ययांची चर्चा आपल्याकडे होत आली आहे. पण इंग्रजी शिकवताना या दोन रूपांचा उपयोग आपण करून घेत नाही.

टेबलावर चादर, ही टेबलाला झाकते. टेबलाच्या वर चादर म्हटलं तर ती दोरीवर टांगलेली असणार. नदीवर पूल, पण नदीच्या वर घार. प्रजेवर राज्य करतात. ‘प्रजेच्या वर राज्य’ असं कोणी म्हणत नाही. अध्यक्षतेखाली, देखरेखीखाली, दबावाखाली, नेतृत्वाखाली हे शब्द घ्या. यांतल्या एकातही ‘च्या’ घुसवून पाहा, मराठी कान लगेच नकार देतो. उलट शून्याच्या खाली, सरासरीच्या वर, समुद्रसपाटीच्या खाली, इथे ‘च्या’ सुखाने बसतो.

म्हणून मुलांना हे सांगावं: मराठी वाक्यात ‘च्या’ घालून पाहा. घालता येत नसेल किंवा घातल्यावर चित्र बदलत असेल, तर तिथे चिकटलेलं नातं आहे. ते आधाराचं असेल तर ऑन, अंमलाचं असेल तर ओव्हर किंवा अंडर. ‘च्या’ सहज बसत असेल आणि अर्थ तोच राहत असेल, तर बहुधा मोजपट्टी आहे. अबव्ह किंवा बिलो आधी आठवा. आणि वाक्यात ओलांडण्याचं ‘वरून’ असेल, कुंपणावरून, शहरावरून, तर ओव्हर घ्या. ही चाचणी कायदा नव्हे. ‘छत्रीखाली’ आणि ‘छत्रीच्या खाली’ दोन्ही आपण म्हणतो, ‘शंभराच्या वर माणसं’ असंही म्हणतो. सर्वनामांना ती लागत नाही, कारण ‘त्याच्यावर’मध्ये ‘च्या’ आधीच बसलेला आहे. पण ही चाचणी मुलाला विचार करायला लावते, आणि तो विचार त्याच्या स्वतःच्या भाषेतून सुरू होतो.

याचं महत्त्व मला फार वाटतं. इंग्रजी शिकवताना मराठी वर्गाबाहेर ठेवावी असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि मराठीतून शिकवणारे आपण अनेकदा फक्त अर्थांची यादी देतो. पहिल्या रीतीत मुलाची भाषा अडथळा ठरते, दुसरीत ती चिठ्ठीसारखी वापरून टाकली जाते. तिसरी वाट अशी: मुलाच्या भाषेतलं ज्ञान जागं करायचं, आणि त्याच्या बळावर दुसऱ्या भाषेतली नाती उलगडायची. सहा-सात वर्षांचं मराठी मूल टेबलावर आणि टेबलाच्या वर यांत कधी गोंधळत नाही. ते ज्ञान त्याच्यापाशी आहे. ते त्याचं त्याला दाखवून देणारा शिक्षक हवा.

म्हणून शिक्षकमित्रांना माझी प्रत्यक्ष सूचना अशी. या शब्दांच्या रिकाम्या जागा भरायला देण्याआधी एक तास चित्रांसाठी ठेवा. फळ्यावर एक पूल काढा. पुलावर माणूस, पुलाखालून होडी, पुलाच्या खालच्या अंगाला धुणं धुणारी बाई, पुलाच्या वर घार, आणि पुलाच्या कठड्यावरून पलीकडे उडी मारणारा मुलगा. मुलांना प्रत्येकाबद्दल आधी मराठीत बोलू द्या, मग प्रश्न विचारा: आधार, मोजपट्टी की अंमल? इंग्रजी शब्द त्यानंतर द्या. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांनीही शब्दार्थांच्या यादीत ‘वर’ हा एकच अर्थ तीनदा छापण्याऐवजी तीन नाती छापावीत. त्याला अर्ध्या पानापेक्षा जास्त जागा लागणार नाही.

ज्यांच्या नावाने आपण इथे जमलो त्यांना या मागण्या मान्य झाल्या असत्या असं मला वाटतं, कारण नियमासोबत कारण द्यावं, एवढंच या मागण्या म्हणतात. मराठी मुलाला इंग्रजी यायला हवी, आणि ती त्याच्या मराठीच्या भक्कम आधाराने यायला हवी. हे काम सरकारी आदेशाची वाट न पाहता उद्याच्या तासाला सुरू करता येईल. आपण ते करावं, अशी कळकळीची विनंती करून मी थांबतो.